खुर्चीच्या डाव्या बाजूला

खुर्चीमावशी. दवाखान्यात रुजू झाल्या तेव्हा वय पंचवीस, दवाखाना बंद झाला तेव्हा एकसष्ट, गेल्या वर्षी वारल्या तेव्हा एकोणसत्तर. शिक्षण इयत्ता नववीपर्यंत. हुद्दा, दंतवैद्याच्या मदतनीस. जागा, रुग्णाच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, हत्यारांचा ट्रे आणि लाळ ओढणारी नळी यांच्या मध्ये. 'खुर्चीमावशी' हे नाव पाच वर्षांच्या एका मुलीने ठेवले. दात कोणी काढला, असे तिला बापाने दारातच विचारले, तेव्हा ती म्हणाली, "खुर्चीमावशीनं." दात मी काढला होता, परंतु माझी तिने दखलही घेतली नव्हती. नाव चिकटले, आणि पुढे मीही त्यांना मावशीच म्हणू लागलो, वास्तविक त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान होत्या.

मावशींविषयी लिहिण्याचे कारण आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षे माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या या बाईंना मी एकदा अप्रामाणिक ठरवले आणि कामावरून काढायला निघालो. ठरवले ते कशावरून, तर देहबोलीच्या एका छापील तक्त्यावरून. ते कसे घडले आणि कुठे थांबले, ते क्रमाने लिहितो.

आमचा व्यवसाय असा, की माणूस आत येतो, चार वाक्ये बोलतो, आणि मग त्याचे तोंड आमच्या ताब्यात जाते. त्यानंतरचा अर्धा तास त्याला बोलण्याची सोय नसते. यावर उपाय म्हणून मी पहिल्याच वर्षी भिंतीवर सूचना लावली होती: 'दुखल्यास डावा हात वर करावा.' सूचना स्पष्ट होती, अक्षर मोठे होते. मावशींनी आठवडाभर काम पाहिले आणि एके दिवशी हात धुता धुता म्हणाल्या,

"डॉक्टर, ती पाटी काढली तरी चालेल."

"का बरं?"

"कोणीच हात वर करत नाही. मोठ्यांना लाज वाटते आणि लहानांना भीती वाटते."

"मग दुखतंय हे कळायचं कसं?"

"पायांवरून. पण बूट घालून येतात ना सगळे, दिसत नाही काही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाराशी एक लाकडी घडवंची ठेवली आणि प्रत्येकाला पादत्राणे उतरवूनच आत घ्यायला सुरुवात केली. स्वच्छतेची एवढी काळजी घेणारा दवाखाना दुसरा नाही, अशी आमची ख्याती झाली. मीही कित्येक दिवस ते स्वच्छतेसाठीच आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात मावशींना माणसांच्या पायांची बोटे पाहायची होती. वेदना सुरू होण्याआधी, केवळ तिच्या धाकानेही, बोटे आत वळतात. वेदना खरी असली तर अंगठा उलटा, वरच्या बाजूला ताठतो. हे मला कोणत्याही प्राध्यापकाने शिकवले नव्हते.

बोटे वळली की मावशी काही बोलत नसत. माझा डावा हात आरसा धरून त्यांच्या बाजूला असे, त्या मनगटाला त्या आपल्या मनगटाचा हलका स्पर्श करीत. एक स्पर्श म्हणजे हळू. दाबून केलेला स्पर्श म्हणजे थांबा. रुग्णाला वाटे, डॉक्टर किती समजूतदार आहेत, नेमके दुखायला लागले की थांबतात. त्या कौतुकातील निम्म्याहून अधिक वाटा मावशींचा होता आणि तो मी कधी कोणाला बोलून दाखवला नाही, हेही इथेच नमूद करतो.

ही विद्या कुठे मिळवली, असे मी एकदा विचारले होते. मावशींचे यजमान एका कारखान्यात लेथवर काम करीत. अत्यंत सज्जन आणि अत्यंत अबोल गृहस्थ.

"आमच्या ह्यांनी लग्नात एकदा 'हो' म्हटलं," मावशी म्हणाल्या, "त्यानंतर बोलायची वेळच आली नाही. घरी आल्यावर चहाचा कप खाली कसा ठेवतात, त्यावरून मी ओळखते, साहेब ओरडला की मशीन बिघडलं."

"दोन्हींत फरक कसा ओळखता?"

"साहेब ओरडला असला की कप हळू ठेवतात."

एक आडदांड ट्रकचालक मला अजून आठवतो. खुर्चीत बसताच त्याने जाहीर केले, "घाबरायला मी काय लहान पोर आहे का? भूल नाही दिलीत तरी चालेल. काढा बिनधास्त."

"भूल आमच्यासाठी असते हो," मावशी म्हणाल्या. "तुम्ही ओरडलात की डॉक्टर घाबरतात."

तो खो खो हसला. मी सुई भरायला वळलो, तोच मावशींनी पायाने कळ दाबून खुर्ची सपाट आडवी केली. मी किंचित चिडून म्हणालो, "अजून नको, मावशी." त्या म्हणाल्या, "आत्ताच हवी." मी वळून पाहतो तो चालकाचे डोळे पांढरे झाले होते. खुर्ची उभी असती तर तो देह माझ्या अंगावर आला असता. शुद्धीवर आल्यावर त्याने क्षीण आवाजात विचारले, "झालं का?" मावशी त्याच्या कपाळावरचा घाम टिपत म्हणाल्या, "अर्धं झालं. पडायचं काम उरकलंत, आता दात तेवढा राहिला."

नंतर मी विचारले, कळले कसे? "हसणं मधेच तुटलं," त्या म्हणाल्या, "आणि नाकाच्या कडा पांढऱ्या पडल्या." मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. मी आयुष्यभर तोंडाकडेच पाहत आलो.

आता तक्त्याकडे येतो. दंतवैद्यांच्या संघटनेने एका वर्षी दोन दिवसांचे शिबिर भरवले. त्यात एका व्याख्यात्यांनी 'रुग्णाची देहबोली' या विषयावर चित्रांसह भाषण दिले आणि शेवटी प्रत्येकाला एक रंगीत तक्ता वाटला. बारा चित्रे, बारा अर्थ. छातीवर घडी घातलेले हात म्हणजे विरोध. नजर चुकवणे म्हणजे असत्य. मानेवर हात म्हणजे अस्वस्थता. पावले दाराकडे वळलेली म्हणजे निसटण्याची इच्छा. मला व्यवस्थित मांडलेल्या ज्ञानाचे आकर्षण पहिल्यापासून. मी तक्त्याला प्लॅस्टिकचे आवरण करवून घेतले आणि औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून लावला.

दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक मुख्याध्यापिका आल्या आणि छातीवर हातांची घडी घालून खुर्चीत बसल्या. मी मावशींना कपाटापाशी बोलावून हळू आवाजात म्हणालो, "बाई विरोधी मनःस्थितीत आहेत. आधी त्यांना विश्वासात घ्यावं लागेल."

मावशींनी एकदा बाईंकडे आणि एकदा तक्त्याकडे पाहिले. "थंडी वाजतेय त्यांना. पंखा अगदी डोक्यावर आहे." त्यांनी जाऊन पंखा बंद केला. थोड्याच वेळात बाईंनी हात सोडले. "गेला विरोध," मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या.

एवढ्यावर मी शहाणे व्हायला हवे होते. झालो नाही. मी मनाशी म्हटले, अपवाद असतात.

त्याच वर्षी मावशींच्या वागण्यात बदल दिसू लागला. त्या मी न मागताच माझ्या उजव्या हातात काहीतरी देऊ लागल्या. चिमटा खाली ठेवला की लगेच कापूस, कापूस ठेवला की पुन्हा चिमटा. मला क्रम लागतो. मागितलेले मागितल्या वेळी मिळावे, आधी नको आणि नंतरही नको. दोनदा मी त्यांना तसे सांगितले. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा तेच करू लागल्या. मला वाटले, वय झाले, घाई सुटली.

मग नोंदवही पाहताना मला तीन नावांवर रेघा मारलेल्या आढळल्या. भेटीच्या वेळा मावशीच ठरवीत. तिन्ही रुग्ण अक्कलदाढ काढण्यासाठी येणार होते, आणि तिघांनाही दुसरीकडे पाठवलेले होते, मला न विचारता. त्याच आठवड्यात, पलीकडच्या गल्लीत नव्याने दवाखाना थाटलेल्या एका तरुण दंतवैद्याच्या दारातून मी मावशींना बाहेर पडताना पाहिले. त्यांनी मला पाहिले नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. मनातल्या मनात मी हिशेब जुळवला: रुग्ण तिकडे वळवायचे आणि वर्षअखेरीस स्वतःही तिकडे जायचे. चौतीस वर्षे शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल असा विचार करायला मला चौतीस मिनिटेही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा रुग्ण गेल्यावर मी त्यांना टेबलापाशी बोलावले. बसायला सांगितले. त्या उभ्याच राहिल्या.

"त्या तीन अक्कलदाढा कुठे गेल्या, मावशी?"

"दोन मोठ्या रुग्णालयात. एक पलीकडच्या गल्लीत, नव्या डॉक्टरांकडे."

"कोणी सांगितलं पाठवायला?"

"कोणी नाही."

"मग का पाठवल्या?"

"अवघड होत्या."

"अवघड दाढा मी तीस वर्षं काढतोय! तुम्ही पाहिल्या नाहीत?"

"पाहिल्या. म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे काय?"

त्या माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. नजर खाली, टेबलावर कुठेतरी. एक हात मानेवर गेलेला. उत्तरे तुटक. पावले दाराच्या दिशेने. तक्त्यातल्या बारांपैकी तीन खुणा समोर उभ्या होत्या. माझी खात्री पटली.

"मला सगळं दिसतंय, मावशी," मी म्हणालो. आज हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते.

मी कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या: विश्वासाला तडा गेल्यामुळे चालू महिन्याच्या अखेरीस आपली सेवा संपुष्टात येत आहे, वगैरे. सही केली, तारीख घातली, कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"शेवटची ओळ लागत नाही, डॉक्टर."

"लागत नाही, की लावून घ्यायची नाही?"

"अक्षर लागत नाही. बघा तुम्हीच."

मी पाहिले नाही. तेव्हा त्या वळल्या, रुग्णांच्या नोंदपत्रांच्या कपाटाकडे गेल्या आणि एक जुने, पिवळे पडलेले नोंदपत्र घेऊन आल्या. ते त्या मुख्याध्यापिकांचे होते. बाई बारा वर्षे आमच्याकडे येत होत्या आणि प्रत्येक भेटीची नोंद माझ्या हातची होती. मावशींनी ते टेबलावर माझ्यापुढे ठेवले आणि वरून खाली बोट फिरवले. वरच्या नोंदी ठळक, गोल, ओळीला धरून. शेवटच्या वर्षातल्या नोंदी मुंग्यांसारख्या बारीक, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे आणखी आक्रसत गेलेली. त्याखाली त्यांनी माझे नवे पत्र ठेवले. ते सर्वांत बारीक होते.

मी म्हणालो, "घाईत लिहिलं, की असं होतं."

मावशींनी आपला तळवा माझ्या उजव्या हातावर ठेवला. तो हात टेबलाच्या कडेवर विसावला होता. त्यांचा तळवा स्थिर होता, आणि त्याखाली माझा अंगठा हलत होता, गोळी वळावी तसा, तर्जनीवर, आपल्याच तालात. मी त्याला हलवत नव्हतो.

"गप्प बसत नाही हा," मावशी म्हणाल्या. त्या मघापासून खाली पाहत होत्या त्या याच्याकडे.

मी हात ओढून घेतला. "काम करताना माझा हात थरथरत नाही!"

"नाही थरथरत. रिकामा असला की थरथरतो. म्हणून रिकामा ठेवत नव्हते. खुर्चीतल्या माणसाला दिसला असता."

"आणि दाढा?"

"बोटं आखडतात तुमची, जोर लावायचा झाला की. मागच्या महिन्यात दोनदा चिमटा घसरला. तुम्ही म्हणालात, दात गुळगुळीत आहे." मग एका दमात बोलल्या, "चालताना तुमचा उजवा हात हलत नाही, डॉक्टर. डावा मागेपुढे जातो, उजवा नुसता लटकतो. चार महिने झाले."

"चार महिने! आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"चौतीस वर्षं तुमच्याशी मनगटानं बोलले," त्या म्हणाल्या. "हे तोंडानं कसं सांगायचं, ते मला येईना."

मी त्यांना घरी जायला सांगितले. पत्र टेबलावरच राहिले. माझा विश्वास अजूनही बसला नव्हता, किंवा बसू द्यायचा नव्हता. घरी परतताना रस्त्याच्या कडेला दुकानांच्या लांबच लांब काचा होत्या. मी त्यांच्या समोरून चालत गेलो, मागे फिरलो आणि पुन्हा चालत आलो. काचेतला म्हातारा डावा हात व्यवस्थित हलवीत होता. उजवा त्याने कोणा दुसऱ्याचा उसना आणल्यासारखा बाजूला धरला होता. घरी पत्नीला सांगितले, तर ती म्हणाली, "मला वाटलं, वयानं चाल बदलली."

मज्जातंतूंच्या तज्ज्ञांनी मला दोन वेळा चालायला लावले, बोटांनी टिचक्या वाजवायला लावल्या, एक वाक्य लिहायला लावले, आणि आजाराचे नाव सांगितले. सुरुवातीलाच लक्षात आले हे बरे झाले, असे ते म्हणाले. सोबतची पत्नी चटकन म्हणाली, "आमच्या मावशींच्या लक्षात आलं."

तरुण दंतवैद्याला मी स्वतः जाऊन भेटलो. मावशी त्याच्याकडे कशासाठी आल्या होत्या, ते त्याच्याकडून ऐकायचे होते. तो जरा संकोचला, मग म्हणाला, "नाव घेतलं नाही त्यांनी कोणाचं. एक माणूस असा चालतो, म्हणाल्या, आणि इथे दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवलं. असा लिहितो, म्हणाल्या, आणि हवेत बोटानं लिहून दाखवलं. मी लगेच ओळखलं."

"आजार ओळखलात?"

"आजार आणि माणूस, दोन्ही."

त्यानंतर काय ठरले, ते लिहितो. अवघड शस्त्रक्रिया त्या दिवसापासून तरुण दंतवैद्याकडे गेल्या. मी आणखी दोन वर्षे तपासणी आणि किरकोळ कामे केली, आणि मावशी डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. माझ्या हाताला त्या मोकळे सोडत नव्हत्या, आणि मी आता हरकत घेत नव्हतो. दोन वर्षांनी तज्ज्ञांनी पुरे म्हटले आणि दवाखाना बंद झाला. तक्ता मी कपाटासह भंगारात दिला. मावशींच्या जागेची हमी मी तरुण दंतवैद्याकडून घेऊ पाहत होतो, तर तोच मला म्हणाला की त्या येणार असतील तर उद्यापासूनच येऊ द्या. मावशी मदतनीस म्हणून गेल्या नाहीत. आठवड्यातून दोन सकाळी जाऊन त्याच्याकडच्या नव्या मदतनीस मुलींना त्या काम दाखवीत. मुलींची त्यांच्याविषयी एकच तक्रार होती, की मावशी समजावून सांगत नाहीत, नुसत्या "बघ" म्हणतात.

ती तक्रार ऐकून मी त्यांचे ज्ञान लिहून काढायचे ठरवले. अकरा पाने तयार केली, मुद्दे पाडून, उपमुद्द्यांसह. मावशींनी चष्मा लावून वाचायला घेतले आणि दुसऱ्याच ओळीवर, 'हातांची घडी म्हणजे थंडी' इथे, थांबल्या.

"हे त्या एका बाईंचं होतं, डॉक्टर. सगळ्यांचं नाही."

"मग सर्वांना लागू पडेल असं काय आहे, ते सांगा."

त्यांनी बराच विचार केला. "तसं काही नाही," असे म्हणून पाने परत दिली. जाताना एवढेच म्हणाल्या, "लिहिलंत तर त्या पोरी कागदाकडे बघतील."

ती पाने मी ठेवली नाहीत.

राहिले ते एकच. त्या दुपारबद्दल मी मावशींची क्षमा मागायला हवी होती. पहिल्यांदा ठरवले, तेव्हा पत्नी समोर होती. दुसऱ्यांदा त्यांच्या घरी गेलो, तर त्यांचे यजमान शेजारी बसून होते. तिसऱ्यांदा आम्ही दोघेच होतो. मी घसा साफ केला, खुर्ची सरकवली आणि म्हणालो, "मावशी, त्या दिवशी..." त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि म्हणाल्या, "कळलं. चहा घेणार ना?" मी चहा घेतला.

त्यांना कळले होते यात शंका नाही. खुर्ची सरकवतानाच कळले असणार. तरीही ते वाक्य मी पूर्ण करायला हवे होते. समोरच्याला न सांगता कळते, म्हणून सांगण्याचे कर्तव्य संपत नाही. तोंडाने सांगायची एक गोष्ट मावशींनी चार महिने लांबवली आणि त्याबद्दल मी त्यांच्यावर ओरडलो. माझी एक गोष्ट मी दहा वर्षे लांबवली, आणि आता ऐकणारे कोणी उरले नाही.